नंतर, मुळे आणि तोवर : लिनक्स सेशनच्या फायलींचे एक वाचन

१

माझ्या जुन्या लॅपटॉपमध्ये सतरा ओळींची एक फाइल मी अजून ठेवली आहे. तिचे नाव टिंबाने सुरू होते, आणि लिनक्समध्ये टिंबाने सुरू होणाऱ्या फायली एरवी नजरेआड राहतात. ‘डॉट एक्सइनिटआरसी’ हे ते नाव. पासवर्ड देऊन आत आल्यावर मी ‘स्टार्टएक्स’ असा एक शब्द टाइप करी, आणि मग पडद्यावर काय काय मांडले जावे, कोणत्या क्रमाने, हे त्या सतरा ओळी ठरवत. मूळ फायलींत या साऱ्या संज्ञा रोमन लिपीत असतात. या लेखात त्या देवनागरीत घेतल्या आहेत.

त्या फायलीतली अकरावी ओळ अशी आहे : ‘स्लीप ५’. म्हणजे पाच सेकंद काहीही करू नकोस.

ही ओळ तिथे का आली, ते सांगितले पाहिजे. नववी ओळ आयबस नावाचा प्रोग्राम सुरू करत असे. मराठीसारख्या भाषांत टंकन करायला लिनक्सवर जे प्रोग्राम वापरतात, त्यांतला हा एक. बारावी ओळ कळफलकाची मांडणी इनस्क्रिप्ट करत असे. मधली ओळ नसली, तर आयबस मागाहून जागा होऊन मी केलेली मांडणी पुसून आपली लावी, आणि ‘क’ दाबला की भलतेच अक्षर उमटे. म्हणून पाच सेकंद. तेवढ्या वेळात आयबस उठून स्थिरस्थावर होईल, ही आशा. डिस्क जुनी झाली तसे पाच सेकंद अपुरे पडू लागले. मी ते आठ केले, मग पुन्हा पाच केले, कारण रोज आठ सेकंद रिकाम्या पडद्याकडे बघत बसणे मला जमेना. ज्या दिवशी पाच पुरत नसत, त्या दिवशी बाहेर पडून पुन्हा आत येत असे.

संगणकाचे औपचारिक शिक्षण माझ्याजवळ नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन मी डीटीपीच्या कामाला लागलो आणि तिथून संगणक शिकत गेलो. बहुतेक लिनक्ससोबत येणारी माहितीपाने, ज्यांना ‘मॅन पेज’ म्हणतात, ती वाचून. गेली काही वर्षे मी खिळ्यांच्या छापखान्यांत काम केलेल्या जुळाऱ्यांच्या मुलाखती गोळा करतो आहे. त्यामुळे मजकूर कसा रचला जातो, ओळ ओळीला कशी लागते, याकडे बघायची सवय लागलेली. त्याच सवयीने मी या फायली वाचू लागलो. दिवाळी अंकाच्या वाचकासमोर हा विषय ठेवताना माझे म्हणणे एवढेच आहे, की या फायली हाही माणसांनी लिहिलेला आणि माणसांनी वाचायचा मजकूर आहे. कोण बोलतो आहे, कोणाशी, काय गृहीत धरून, हे समीक्षेचे नेहमीचे प्रश्न त्यालाही विचारता येतात. आणि ते विचारले नाहीत तर काय गमावते, हे मी पुरेशी किंमत देऊन शिकलो आहे. ते पुढे येईल.

२

‘सेशन’ म्हणजे काय? आपण पासवर्ड देतो तिथून बाहेर पडतो तिथपर्यंतचा काळ, आणि त्या काळात आपल्या नावाने चालणारे सगळे प्रोग्राम. पडद्यावर दिसतात त्या खिडक्या थोड्या. आवाज सांभाळणारा, सूचना दाखवणारा, कळफलक पाहणारा, पडदा कुलूपबंद करणारा, असे कितीतरी जण मागे राबत असतात. त्यांना कोण उठवतो, कोण त्यांच्यावर लक्ष ठेवतो आणि शेवटी कोण त्यांना घरी पाठवतो, हा सेशनच्या व्यवस्थेचा प्रश्न.

लिनक्सच्या पडद्यामागची एक्स विंडो ही व्यवस्था लिनक्सहून जुनी आहे. ती १९८४ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत सुरू झाली, तिची अकरावी आवृत्ती १९८७ साली आली. लिनस टोरवाल्ड्‌स यांनी लिनक्स जाहीर केले ते १९९१ साली. माझी सतरा ओळींची फाइल त्या जुन्या घराण्यातली. ती एक स्क्रिप्ट आहे, म्हणजे एकाखाली एक लिहिलेल्या आज्ञा. हे कर, मग हे कर, मग ते कर. स्वयंपाकाची कृती लिहावी तसा तिचा घाट आहे. निवेदक एकच, काळ एकरेषीय, क्रियापदे सगळी आज्ञार्थी. वरून खाली वाचत गेले की गोष्ट पूर्ण होते. स्वतः शिकणाऱ्या माणसाला याहून सोयीचा पाठ मिळणे कठीण.

पण या गद्यात एक मोठी गफलत दडलेली असते. त्यात ‘नंतर’ लिहिता येते. ‘मुळे’ लिहिता येत नाही. बारावी ओळ नवव्या ओळीनंतर आहे एवढे कागदावर दिसते. ती नववीवर अवलंबून आहे, की योगायोगाने खाली लिहिली गेली, हे फाइल सांगत नाही. माझ्या फायलीत तिसऱ्या ओळीवर पडद्यामागचा रंग ठरवला होता आणि चौथ्या ओळीवर घड्याळ सुरू होत होते. घड्याळाचा रंगाशी काही संबंध नव्हता. तरीही त्या दोन ओळींतला संबंध आणि नऊ-बारा या ओळींतला संबंध दिसायला अगदी सारखे. नववी ओळ तर शेवटी एक ‘अँड’चे चिन्ह लावून आयबसला मागे ढकलून देई, आणि स्क्रिप्ट पुढे चालू पडे. आयबस उठला की पडला, याची पुढच्या ओळींना वार्ताही नसे.

म्हणून ‘स्लीप ५’. ‘मुळे’ लिहिण्याची सोय नसलेल्या भाषेत कोणीतरी ‘मुळे’ म्हणण्याची धडपड करतो आहे, असे मी आज ती ओळ वाचतो. अशी ओळ मी एकट्यानेच लिहिली असेही नाही. नोम या मोठ्या डेस्कटॉपने आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामांच्या फायलींत ‘इतके सेकंद विलंब’ अशी एक रीतसर नोंदच करून ठेवली होती. माझ्या घरगुती झोपेला तिथे राजमान्यता मिळालेली होती.

मात्र या फायलीत एक गोष्ट फार स्वच्छ होती, आणि तिची किंमत मला उशिरा कळली. सतरावी, शेवटची ओळ ‘एक्झेक’ या शब्दाने सुरू होई आणि खिडक्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामचे नाव घेई. एक्झेकचा अर्थ असा, की स्क्रिप्टने आता आपली जागा सोडून त्या प्रोग्रामला द्यावी. तो प्रोग्राम चालू आहे तोवर सेशन चालू. तो बंद झाला की स्क्रिप्ट संपली, मग एक्स बंद, आणि एक्सच्या आधाराने चाललेली बाकीची मंडळीही बंद. सेशन कशाच्या जिवावर जगते, हे शेवटच्या ओळीत लिहिलेले असे. ‘मुळे’ नव्हते, पण ‘तोवर’ होते, आणि ते डोळ्यांसमोर होते.

३

२०१० च्या एप्रिलमध्ये लेनार्ट पॉटरिंग यांनी सिस्टिमडी ही व्यवस्था मांडली; के सीव्हर्स हे त्यांचे सहकारी. संगणक सुरू होताना जो पहिला प्रोग्राम जन्मतो आणि बाकी सगळ्यांना जन्म देतो, तो कसा असावा, याची ती फेरमांडणी होती. २०११ च्या मे महिन्यात फेडोराच्या पंधराव्या आवृत्तीने ती स्वीकारली. सुरुवातीला ती यंत्राच्या सेवांसाठी होती. पण तिच्यात आणखी एक सोय होती : प्रत्येक वापरकर्ता आत आला की त्याच्या नावाचा एक वेगळा व्यवस्थापक उभा राहतो, आणि त्याच पद्धतीने त्या वापरकर्त्याचे प्रोग्राम सांभाळतो. २०१९ च्या सप्टेंबरमधल्या ३.३४ या आवृत्तीपासून नोमने आपले सेशन याच व्यवस्थापकाकडे सोपवायला सुरुवात केली. केडीईचा प्लाझ्मा हा डेस्कटॉपही पुढे त्याच वाटेने गेला.

या व्यवस्थेत स्क्रिप्ट नसते. प्रत्येक प्रोग्रामची एक छोटी फाइल असते, तिला ‘युनिट’ म्हणतात. आपली स्वतःची युनिटे होम फोल्डरमधल्या ‘डॉट कॉन्फिग’मध्ये, ‘सिस्टिमडी’मध्ये, ‘यूजर’मध्ये ठेवायची. युनिटात आज्ञा जेमतेम एक ओळ असते. बाकीचा मजकूर विधानांचा. मी कोण, मला कोण लागतो, मी कोणाच्या मागून येतो, मी पडलो तर काय करावे. क्रियापदांच्या जागी नाती आली.

आणि इथे ‘नंतर’ व ‘मुळे’ यांची प्रथमच फारकत झाली. ‘आफ्टर’ ही ओळ फक्त क्रम सांगते. ‘रिक्वायर्स’ ही ओळ फक्त गरज सांगते. एक लिहिली म्हणून दुसरी आपोआप लागू होत नाही, आणि नव्याने शिकणारा इथेच अडखळतो.

पंढरीच्या वाटेवर पालखीपुढच्या आणि मागच्या दिंड्यांचे क्रमांक ठरलेले असतात. पाचवी दिंडी चौथीच्या मागून चालते. पण चौथी त्या वर्षी आलीच नाही, तर पाचवी घरी बसत नाही. हा निव्वळ ‘आफ्टर’. उलट मैफलीचे बघा. तंबोऱ्याशिवाय गाणे नाही, हे झाले ‘रिक्वायर्स’. पण एवढेच लिहून ठेवले, तर सिस्टिमडी गवई आणि तंबोरा दोघांना एकाच क्षणी सुरू करते, आणि गवई न लागलेल्या तंबोऱ्यावर षड्ज लावून मोकळा होतो. ‘तंबोऱ्याशिवाय गाणे नाही’ आणि ‘तंबोरा लागल्यावर गाणे’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. बोलताना आपण ती एकात गुंडाळतो. युनिट ती दोन्ही लिहायला लावते. ‘वॉन्ट्स’ ही त्याहून सौम्य ओळ : असला तर बरे, नसला तरी चालेल.

माझ्या कळफलकाचे युनिट नऊ ओळींचे झाले. त्यात आयबसच्या युनिटाचे नाव ‘वॉन्ट्स’मध्ये आणि ‘आफ्टर’मध्ये, असे दोनदा आले. झोपेची ओळ गेली. आणि पहिल्याच दिवशी ‘क’ दाबल्यावर पुन्हा भलतेच अक्षर उमटले.

दोन संध्याकाळी माहितीपाने वाचल्यावर कारण सापडले. ‘आफ्टर’ म्हणजे अमुक सुरू झाल्यावर. पण ‘सुरू झाला’ म्हणजे काय? ते आयबसच्या युनिटातली ‘टाइप’ ही ओळ ठरवते. टाइप ‘सिंपल’ असेल, तर प्रोग्रामला नुसता जन्म दिला की तो सुरू झाला असे धरतात. जन्मला म्हणजे कामाला लागला, असा हिशेब. टाइप ‘डीबस’ असेल, तर प्रोग्राम उठून प्रोग्रामांच्या आपसातल्या निरोपमार्गावर स्वतःचे नाव नोंदवेपर्यंत व्यवस्थापक थांबतो. मी आयबसच्या युनिटात टाइप बदलला, आणि मराठी त्या दिवसापासून जागेवर राहिली. एका शब्दाच्या व्याख्येने पाच सेकंदांचे काम केले. जुन्या फायलीत हा प्रश्न विचारायलाच जागा नव्हती. इथे तो विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. या नव्या गद्याचा मला सर्वांत मोठा गुण वाटतो तो हा.

दुसरा गुण उत्तरदायित्वाचा. स्क्रिप्टने मागे ढकललेला प्रोग्राम मेला, तर कोणाला कळत नसे. युनिटातला प्रोग्राम मेला की व्यवस्थापक नोंद करतो, आणि ‘रिस्टार्ट’ची ओळ असेल तर त्याला पुन्हा उठवतो. तेही अमर्याद नाही. मुळातली मर्यादा दहा सेकंदांत पाच प्रयत्नांची आहे. त्यानंतर तो हात टेकतो आणि ‘फेल्ड’ असा शेरा मारतो. अपयशाला नाव मिळणे ही छोटी गोष्ट नव्हे.

४

आता आक्षेप.

जुनी फाइल एका पानावर संपूर्ण दिसे. आज माझ्या सेशनचे वर्णन करणारा एकही कागद दाखवता येत नाही. ते कितीतरी फायलींत विखुरलेले आहे, आणि त्या फायली तीन ठिकाणी आहेत : वितरकाने दिलेल्या एका फोल्डरात, यंत्राच्या प्रशासकाच्या दुसऱ्यात, माझ्या तिसऱ्यात. एकाच नावाच्या फायली तिन्हीकडे असल्या, तर माझी चालते. शिवाय पूर्ण फाइल न बदलता फक्त एखादी ओळ बदलायची असेल, तर शेजारी एक छोटी फाइल ठेवायची. तिला ‘ड्रॉप-इन’ म्हणतात. म्हणजे एका युनिटाला तीन-चार लेखक असू शकतात, आणि ते एकमेकांना ओळखत नाहीत.

अनेक हातांनी घडलेला पाठ मराठी वाचकाला नवा नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ साली हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पुरी झाली. सिद्ध केलेली संहिता वर, आणि कोणत्या हस्तलिखितात काय वेगळे आहे ते खाली. सिस्टिमडीपाशीही अशी दोन साधने आहेत. ‘कॅट’ ही आज्ञा दिली तर मूळ युनिट आणि त्यावरची प्रत्येक ड्रॉप-इन, ती कोणत्या फोल्डरातून आली त्या पत्त्यासह, ओळीने समोर येतात. ‘शो’ ही आज्ञा दिली तर सगळे एकवटून शेवटी काय ठरले, ती संहिता मिळते. पाठभेद एकीकडे, सिद्ध पाठ दुसरीकडे. या दोन आज्ञा हाताशी नसतील, तर या फायली वाचूच नयेत, असे मी नवख्यांना सांगतो.

पण या पाठचिकित्सेत एक विचित्र नियम आहे, आणि त्यावर मी बराच काळ विचार केला आहे. वितरकाच्या युनिटातली आज्ञा मला ड्रॉप-इनमध्ये बदलायची असेल, तर नुसती नवी आज्ञा लिहून भागत नाही. आधी तीच ओळ रिकामी लिहायची, म्हणजे जुने पुसले जाते; मग नवे लिहायचे. खोडण्यासाठी रिकामी ओळ, हा संकेत एकदा कळला की सोपा आहे. मात्र हाच उपाय नात्यांना लागू पडत नाही. ‘आफ्टर’ किंवा ‘रिक्वायर्स’ची ओळ रिकामी लिहून जुने नाते पुसता येत नाही. ड्रॉप-इनने नाती वाढवता येतात, कमी करता येत नाहीत. एखादे नाते नको असेल, तर ते पूर्ण युनिटच आपल्या फोल्डरात स्वतः लिहून ठेवावे लागते, आणि मग वितरकाने त्यात पुढे केलेल्या सुधारणांना मुकावे लागते. थोडक्यात, आज्ञा मोडता येते, पण नाते मोडायचे तर वेगळे बिऱ्हाड करावे लागते. माहितीपानात हा नियम स्पष्ट लिहिलेला आहे. त्यामागे तांत्रिक सोय असेल, पण वापरकर्त्याच्या बाजूने वाचले तर या मजकुरात दुसऱ्याने जोडलेली नाती माझ्या शब्दांपेक्षा जड आहेत, हे मान्य करावे लागते.

५

याहून गंभीर आक्षेप तिसऱ्या शब्दाबद्दल आहे : तोवर.

जुन्या फायलीत सेशनचा शेवट सतराव्या ओळीत होता. नव्या व्यवस्थेत तो कुठे आहे? एक भाग ‘पार्टऑफ’ या ओळीत : पडद्याचे सेशन मिटले की मलाही मिटव. एक भाग ‘बाइंड्सटू’मध्ये. आणि सर्वांत महत्त्वाचा भाग युनिटात कुठेही नाही. वापरकर्त्याचा व्यवस्थापक पहिल्यांदा आत येताना जन्मतो आणि त्याचे शेवटचे सेशन संपले की संपतो. त्याच्यासोबत त्याची सगळी युनिटेही. हे वाक्य माझ्या कोणत्याही फायलीत लिहिलेले नव्हते. ते व्यवस्थेचे गृहीतक होते.

हा प्रश्न २०१६ च्या मे महिन्यात चव्हाट्यावर आला. सिस्टिमडीच्या २३० व्या आवृत्तीने असे ठरवले, की वापरकर्ता बाहेर पडला की त्याने मागे चालू ठेवलेले सगळे प्रोग्राम, मुद्दाम चालू ठेवलेलेसुद्धा, मुळातच मारले जावेत. रात्रभर चालणारे काम लावून घरी जाण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत ज्यांच्या अंगवळणी होती, ते खवळले. डेबियनने आपल्या वितरणात तो पर्याय बंद ठेवला. वाद तांत्रिक भाषेत झाला, पण मुद्दा साधा होता : मी निघून गेल्यावर माझे काम माझे राहते की नाही?

मी तो वाद तेव्हा लांबून वाचला. माझ्याशी त्याचा संबंध आहे असे वाटले नाही.

काही वर्षांनी मी मुलाखतींच्या टिपणांची रोज रात्री दोन वाजता दुसऱ्या डिस्कवर प्रत निघावी, असा टायमर लिहिला. सिस्टिमडीत टायमर हेही एक युनिटच. जोडीला प्रत काढणारी सर्व्हिस. दोन्ही फायली मी दोनदा तपासल्या, त्यांत चूक नव्हती, आणि आजही नाही. रात्री अकराच्या सुमारास काम आटोपले की मी सेशनमधून बाहेर पडत असे आणि लॅपटॉप चालू ठेवून झोपत असे, मुद्दाम, दोन वाजता प्रत निघावी म्हणून. पडदा उघडा राहू नये म्हणून बाहेर पडणे, आणि प्रत निघावी म्हणून यंत्र चालू ठेवणे. दोन्ही खबरदाऱ्या रास्त होत्या आणि एकत्र येऊन त्यांनी घात केला. अकराला मी बाहेर पडलो की माझा व्यवस्थापक संपे. दोन वाजता त्या यंत्रात माझा टायमर नावाची वस्तूच नसे.

सात आठवड्यांनी डिस्क गेली. नऊ मुलाखतींची टिपणे आणि त्यांचे ध्वनिमुद्रण त्यात होते. जागा हवी म्हणून फोनवरच्या मूळ फायली मी काढून टाकल्या होत्या. त्या नऊ जुळाऱ्यांपैकी दोघे आता नाहीत. एकाने खिळ्यांच्या पेटीतली कोणती जोडाक्षरे कुठल्या खणात असत, हे मला हाताने हवेत दाखवत सांगितले होते. ते वर्णन मी स्मरणातून पुन्हा लिहिले आहे, पण त्याला पुरावा म्हणता येणार नाही.

इथे मला वाचक म्हणून स्वतःवर टीका करायची आहे. त्या सात आठवड्यांत मी टायमरांची यादी अनेकदा पाहिली होती. त्या यादीत ‘नेक्स्ट’ या रकान्यात पुढची वेळ असते : आज रात्री दोन. ती रोज बरोबर दिसे आणि मी समाधानाने यादी बंद करी. त्याच ओळीत ‘लास्ट’ नावाचा रकाना असतो. याआधी केव्हा धावला, ते सांगणारा. माझ्या टायमरच्या त्या रकान्यात रोज एक आडवी रेघ होती. मजकूर खरे सांगत होता. मी फक्त भविष्यकाळ वाचत होतो.

उपाय दोन होते. टायमरमध्ये ‘पर्सिस्टंट’ अशी एक ओळ लिहिली असती, तर रात्री चुकलेली प्रत सकाळी मी आत येताच निघाली असती. किंवा ‘लिंगर’ चालू करायचे, म्हणजे मी बाहेर पडलो तरी माझा व्यवस्थापक रेंगाळत राहतो. हे लिंगर कुठे नोंदले जाते, ते नंतर शोधले. यंत्राच्या एका फोल्डरात वापरकर्त्याच्या नावाची एक रिकामी फाइल तयार होते. आत एक अक्षर नाही. फाइल आहे तर तुमचे काम तुमच्या पश्चात चालेल, नाही तर नाही. माझ्या साऱ्या नेटक्या, विधानांनी भरलेल्या युनिटांचे आयुष्य ज्या मजकुरावर अवलंबून होते, तो मजकूर शून्य ओळींचा होता, आणि माझ्या घरात नसून मालकाच्या घरात होता.

६

सिस्टिमडीवरचा जाहीर वाद जुना आहे. २०१४ च्या फेब्रुवारीत डेबियनच्या तांत्रिक समितीत मते समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टिमडी निवडली गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात सर्व सदस्यांचे मतदान झाले, आणि या विषयावर ठरावाची गरज नाही, असा कौल मिळाला. नाराज गटाने देवुआन नावाचे वेगळे वितरण काढले. विरोधकांचा मुख्य आक्षेप असा, की युनिक्सच्या परंपरेत एका साधनाने एकच काम नीट करावे, आणि इथे एकच घर सगळी कामे गिळत चालले आहे. समर्थक म्हणतात, की पूर्वी ही कामे शेकडो हातांनी, शेकडो पद्धतींनी, आणि बहुतेक वेळा ‘स्लीप ५’च्या भरवशावर होत होती.

दोन्ही बाजू या फायलींकडे सत्तेच्या प्रश्नातून बघतात, आणि तो प्रश्न खरा आहे. माझे म्हणणे त्याच्या शेजारी ठेवावे. गद्य म्हणून पाहिले, तर युनिट हे स्क्रिप्टपेक्षा निःसंशय प्रगल्भ आहे. ‘नंतर’ आणि ‘मुळे’ यांची जी फारकत तर्कशास्त्राचे शिक्षक आयुष्यभर शिकवतात, ती या भाषेने व्याकरणातच बसवली. त्या बदल्यात ‘तोवर’ हा शब्द मात्र तिने फायलीबाहेर नेला. स्क्रिप्टला आपला अंत ठाऊक होता आणि कारणे ठाऊक नव्हती. युनिटाला कारणे ठाऊक आहेत, पण आपण किती काळ असू, हे त्याला कोणी सांगितलेले नाही. मोठे नुकसान होते ते बहुधा या तिसऱ्या ठिकाणी, कारण तिथे चूक करणाऱ्यालाही आपण बरोबर आहोत असेच दिसते.

मागणी म्हणून एवढेच सुचवतो : वापरकर्त्याच्या युनिटात त्याचे आयुष्य सांगणारी एक ओळ असावी. मी माझ्या मालकासोबत संपतो, किंवा संपत नाही. तशी ओळ लिहिली आणि लिंगर बंद असेल, तर व्यवस्थापकाने टायमर सुरू करतानाच हरकत घ्यावी. माझ्यासारख्याने ती हरकत वाचली असती.

तोवर मी माझ्यापुरती सोय केली आहे. युनिटात ‘डिस्क्रिप्शन’ नावाची एक ओळ असते, आणि तिच्यात कोणत्याही भाषेत काहीही लिहिता येते. व्यवस्थापक तो मजकूर वाचत नाही, नुसता नोंदवहीत उतरवतो. माझ्या टायमरमध्ये आता पर्सिस्टंटची ओळ आहे, लिंगर चालू आहे, आणि वर्णनाच्या ओळीत मराठीत लिहिले आहे : ‘मुलाखतींची प्रत, मी नसतानाही, लास्टचा रकाना पाहा’. रोज सकाळी चहा घेताना मी यादी उघडतो. उजवीकडच्या त्या रकान्यात काल रात्रीची तारीख आणि दोन वाजल्याची नोंद असते. ती वाचल्यावरच नव्या टिपणांना हात लावतो.